झाशीच्या भिंतीवरील बाग

झाशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोडा येतो, तलवार येते, पाठीशी बांधलेले मूल येते. शाळेतल्या पुस्तकांनी, चौकाचौकांतल्या पुतळ्यांनी आणि दिनदर्शिकांवरील रंगीत तसबिरींनी हे चित्र इतके पक्के करून ठेवले आहे की त्यात आणखी काही असू शकेल अशी शंकाही कोणास येत नाही. फुलाला त्या चित्रात जागा नाही. परंतु झाशी शहरात, किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, बाजाराच्या गजबजाटात एक दुमजली सपाट छताची वास्तू उभी आहे आणि तिच्या एका दालनात फुलांवाचून दुसरे फारसे काही नाही. त्या वास्तूस राणीमहाल म्हणतात. राणी लक्ष्मीबाई इंग्रजांच्या हुकमाने किल्ला सोडून खाली शहरात राहावयास आल्या त्या याच घरात.

हे घर त्यांच्यासाठी बांधलेले नव्हते. ते बांधले रघुनाथराव नेवाळकरांनी. हे रघुनाथराव 1769 च्या सुमारास पेशव्यांतर्फे झाशीचा कारभार पाहू लागले आणि 1796 पर्यंत त्यांनी तो पाहिला. नेवाळकरांचे मूळ गाव रत्नागिरीकडील कोट. तेथून हे घराणे खानदेशात पारोळ्यास आले आणि पुढे बुंदेलखंडात गेले. कोकणातल्या लाल मातीतून, आंबा-फणसाच्या सावलीतून निघालेली ही मंडळी अशा मुलखात येऊन स्थिरावली की जेथे जमिनीतून ग्रॅनाइटचे काळे-करडे खडक वर डोकावतात, वैशाख-ज्येष्ठात लू वाहते, आणि बेतवेच्या काठचा पट्टा सोडला तर उन्हाळ्यात हिरवा रंग शोधावा लागतो. फाल्गुनात पळस फुलतो तेवढे दिवस रान पेटल्यासारखे दिसते. मग पुन्हा तो करडेपणा. अशा ठिकाणी घर बांधणाऱ्याने भिंतीवर फुले मागावीत यात नवल नाही.

चौकाभोवती उभारलेल्या या घरात सहा दालने, समांतर जाणाऱ्या दोन ओसऱ्या आणि अनेक लहान खोल्या आहेत. चौकात विहीर आणि कारंजे यांची योजना आहे. यांतील दरबाराचे दालन म्हणजे ही चित्रशाळा. भिंती आणि सपाट छत रंगांनी भरलेले आहे. वेली, कमळासारखी उमललेली वर्तुळाकार फुले, पाने, पक्षी. कमानींच्या चौकटींत समोरासमोर उभ्या मोरांच्या जोड्या. युद्धाचा देखावा येथे मुख्य नाही, दरबाराचा थाटही नाही. ज्या घराण्याचे नाव इतिहासात केवळ शस्त्रांशी जोडले गेले त्या घराण्याच्या बैठकीत माणूस वर पाही तेव्हा त्याला बाग दिसे.

मात्र या बागेत रानातले एखादे झाड ओळखू जाणाऱ्याची निराशा होते. हा पळस, हा मोह, ही करवंदी असे बोट ठेवून सांगता येत नाही. येथले फूल पाहून काढलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या हाताला सवय झालेले फूल आहे. पाकळ्या मोजून, कंपासाच्या वर्तुळात बसवून, वेलीच्या वळणावर ठराविक अंतराने ठेवलेले. कोणी म्हणेल, मग हे निसर्गाचे चित्र कसले? हा आक्षेप वरवर बरोबर दिसतो. पाश्चात्त्य चित्रकलेच्या शिक्षणाने निसर्गचित्र म्हणजे खिडकीतून दिसणारा देखावा, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. परंतु अंगणातली रांगोळी, पैठणीच्या पदरावरचा मोर, देवळाच्या चौकटीवरची वेल यांना त्या व्याख्येत जागाच उरत नाही. निसर्ग पाहून काढणे ही एक रीत. निसर्गाची लय हाताला लावून घेणे ही दुसरी. झाशीचे दालन दुसऱ्या रीतीचे आहे.

गमतीची गोष्ट अशी की पहिली रीतही त्याच काळात मराठी राज्यात उगवत होती. 1790 च्या सुमारास पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा कारागीर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी चित्रे काढीत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने समोर बसून काढला. कातडीच्या घड्या, पायांची ठेवण, सारे निरखून. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे एकाच सत्तेच्या छत्राखाली पुण्यात एक तांबट गेंड्याच्या कातडीच्या घड्या टिपत होता आणि झाशीस रघुनाथरावांचा महाल उभा राहत होता, जेथे मोराची मान कमानीच्या रेषेत नेमकी कशी वळवावी हाच चिताऱ्यापुढचा प्रश्न होता. यांत पुढारलेला कोण आणि मागासलेला कोण, हा वाद निरर्थक आहे. गेंडा दरबारच्या छतावर शोभला नसता, आणि कमानीतला मोर पाहून मोराची शरीररचना कोणास शिकता आली नसती.

हे झाशीचे चितारी कोण होते? त्यांची नावे भिंतीवर नाहीत. पण त्यांचे कूळ कोठले याचा अंदाज करण्यास जागा आहे. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने 1613 साली बांधला. त्याच राजाने जहांगीर बादशहाच्या नावे ओरछास मोठा महाल उठवला. पुढे 1742 मध्ये पेशव्यांचे सरदार नारो शंकर झाशीस आले, तेव्हा त्यांनी ओरछाची पुष्कळशी वस्ती हलवून झाशीस नांदवली. शहर वसवावयाचे तर केवळ सावकार आणि शिपाई आणून भागत नाही. गवंडी, सुतार, चितारीही यावे लागतात. ओरछाच्या राजमहालात आणि लक्ष्मीनारायण मंदिरात जी भित्तिचित्रे आहेत ती पाहून राणीमहालात शिरणाऱ्यास रंग आणि वेलींची वळणे ओळखीची वाटतात. मालक मराठी होते, हात बुंदेली होते, आणि कमानींच्या पाकळ्यांत मोगली वळण होते. मराठी राज्याचा विस्तार म्हणून जे आपण अभिमानाने सांगतो त्याचे खरे रूप पुष्कळ ठिकाणी असे आहे: सुभेदाराने पैसा दिला, आणि भूमीने आपली भाषा दिली.

ती भाषा महालापुरती नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बुंदेलखंडात घराच्या भिंतीवर चित्रे काढणाऱ्यास चितेरा म्हणतात. आपल्या चिताऱ्याचाच हा सख्खा भाऊ. लग्नघरी चितेऱ्याला बोलावणे जाते. तो दाराच्या दोन्ही बाजूंस गणपती, कलश, हत्ती, घोडे, मोर आणि वेली रंगवतो. या कलेस तिकडे चितेरी असेच नाव आहे. खेड्यांतून बायका भिंतीवर छुई नावाची पांढरी माती लिंपतात आणि ती ओली आहे तोवर बोटांनी मोरांची जोडी उठवतात; तिला मोर-मुरैला म्हणतात. महालातल्या कमानीतली मोरांची जोडी आणि मातीच्या भिंतीवरची ही जोडी यांत आधी कोण जन्मले, हे ठरवण्याची घाई करू नये. पण राजवाड्यातून खेड्याने घेतले, असे जे सरसकट मानले जाते त्याच्या उलटही घडले असेल, अशी शंका घेण्यास येथे पुरेपूर वाव आहे.

आणि फुलांचा तर तेथे एक स्वतंत्र सणच आहे. पितृपक्षाच्या दिवसांत बुंदेली मुली बोरीची किंवा बाभळीची एक काटेरी फांदी आणतात, तिच्या एकेका काट्यावर एकेक फूल खोचतात, तिला मामुलिया म्हणून सजवून गाणी म्हणत दारोदार मिरवतात आणि शेवटी तळ्यात विसर्जन करतात. महाराष्ट्रात याच सुमारास भोंडला आणि हादगा घुमू लागतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. झाशीत येऊन राहिलेल्या मराठी मुलींनी आपल्या गौरी मांडल्या आणि शेजारच्या अंगणात काट्यांवर फुले खोचलेली फांदी पाहिली. काटेरी फांदीवर फुले चढवण्याची ही कल्पना कोणत्याही अकादमीत शिकलेल्या कलावंताच्या तोडीची आहे. फक्त तिच्याखाली सही नसते आणि ती दुसऱ्या दिवशी पाण्यात असते.

आता महालाकडे पुन्हा वळावयाचे. 21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधरराव वारले. दत्तक नामंजूर झाला आणि 1854 मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. राणीस दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन ठरवण्यात आले, किल्ला सोडावा लागला आणि हा महाल राहावयास मिळाला. तेथपासून जून 1857 पर्यंतची तीन वर्षे म्हणजे अर्जांची आणि उत्तरांची वाट पाहण्याची वर्षे. लढाईच्या दिवसांविषयी आपल्याकडे पोवाडे, नाटके, कादंबऱ्या यांचा तोटा नाही. या तीन वर्षांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. कारण त्यांत बोलण्यासारखे काही घडत नाही. कागद जातो, महिने जातात, नकार येतो. विशी-पंचविशीतली एक विधवा स्त्री राज्याचा हक्क कायद्याच्या भाषेत मागत राहते, आणि तिच्या घराच्या छतावर ही न कोमेजणारी फुले आहेत. दालनात उभे राहिल्यावर घोड्यावरच्या राणीपेक्षा ही वाट पाहणारी राणी अधिक जवळ येते, हे त्या फुलांचे श्रेय मानले पाहिजे.

मार्च 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीस वेढा घातला. 3 एप्रिल रोजी तट ओलांडून इंग्रज आत शिरले आणि शहरातील राजवाड्याच्या परिसरात खोलीखोलीतून हातघाई झाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच अडकले होते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेल्या या भिक्षुकाने जे पाहिले ते पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढले आणि 1907 मध्ये ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाले. झाशीतील कत्तल आणि लूट यांची हकीकत सांगताना या भिक्षुकाचा जीव राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशापाशीही हळहळतो. सोने-नाणे गेल्याचे दुःख सगळ्यांनाच होते. पोथ्या गेल्याचे दुःख करणारा माणूस त्या धुमाळीत होता म्हणून ही गोष्ट टिकली. भिंतीवरील चित्रांसाठी असा साक्षीदार निघाला नाही. तोफांच्या माऱ्यात महालाचा बराच भाग पडला. दरबाराचे दालन तेवढे उरले.

उरले म्हणजे वाचले असे नाही. शहर 1861 मध्ये शिंद्यांकडे गेले, 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. ज्या वास्तूचे धनी असे बदलतात तिच्या भिंतींकडे कोणाचे लक्ष असणार? आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून तेथे संग्रहालय आहे. नवव्या ते बाराव्या शतकांतील दगडी मूर्ती ओसऱ्यांतून मांडल्या आहेत. त्या मूर्ती उत्तम आहेत. पण त्यांच्यामुळे येणाऱ्याची नजर खाली राहते, आणि महालाचे खरे धन वर आहे.

अशा चित्रांचा खरा शत्रू तोफ नसून ओल आहे. आपल्याकडील बहुतेक भित्तिचित्रे सुकलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर डिंक किंवा सरस मिसळलेल्या रंगांनी काढलेली असतात. गेरू, पिवळी माती, काजळ, नीळ, हिरवी माती, चुन्याचा पांढरा. बहुतेक सारी माती आणि वनस्पतीच. पायातून वा छपरातून पाणी भिंतीत मुरते, येताना क्षार घेऊन येते, आणि पृष्ठभागावर सुकताना त्या क्षारांचे बारीक स्फटिक रंगाचा थर आतून ढकलून देतात. पाकळी गळावी तशी रंगाची खपली गळते. त्यात धूर, दिव्यांची काजळी, जुन्या काळचे पांढऱ्या चुन्याचे हात, आणि खिळ्याने आपले नाव कोरून अमर होऊ पाहणारे प्रवासी यांची भर पडते.

यावर एक उपाय सर्वांनाच सुचतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. तो म्हणजे रंग ताजे करणे. राणीचा महाल असा फिकट का, सरकारने त्याला उजळा का देऊ नये, असा प्रश्न भक्तिभावाने विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु अजिंठ्याचा अनुभव डोळ्यांपुढे आहे. 1920 नंतरच्या वर्षांत निजाम सरकारने इटलीहून कसबी माणसे आणून लेण्यांतील चित्रे पक्की करवून घेतली. गिलावा धरून ठेवण्याचे काम त्यांनी चांगले केले. पण चित्रांवर लाखेच्या रोगणाचा लेप दिला. तो कालांतराने पिवळा-तपकिरी पडला, त्यात धूळ बसली, आणि पुढच्या रसायनशास्त्रज्ञांना तो उतरवण्यात वर्षानुवर्षे खर्ची घालावी लागली. लेप निदान उतरवता येतो. जुन्या वेलीवर नव्या कुंचल्याने रंग भरला की खालची रेषा कायमची गेली. पुरातत्त्व खात्यात रसायनशास्त्रज्ञाची स्वतंत्र जागा 1917 पासून आहे, आणि त्या शाखेची एवढ्या काळातील शिकवण एका वाक्यात सांगता येते: उरले आहे ते धरून ठेवा, गेले आहे ते भरू नका. सरकारी खात्यास हे धोरण सोयीचे असते, कारण त्यात काही न करण्यास शास्त्राधार मिळतो, असा टोमणा कोणी मारील. तो काही वेळा खराही असतो. ओल थांबवणे हे मात्र काही न करणे नव्हे. ते रोजचे, कंटाळवाणे आणि उद्घाटनाचा नारळ फोडता न येणारे काम आहे. म्हणूनच ते मागे पडते.

तेज पाहण्याची हौस मात्र पुरवली पाहिजे. ती भिंतीवर न पुरवता कागदावर पुरवावी. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळ 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये अशाच आगीने नेल्या होत्या. एवढे नुकसान होऊनही त्या उद्योगाने एक पिढी घडवली, कारण पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचा हात त्या भिंतींसमोर वर्षानुवर्षे चालला. झाशीच्या दालनासमोर तेथलीच मुले कागद घेऊन बसली, वेलीचे एक वळण, मोराची एक मान, छतावरचे एक फूल मोजून उतरवू लागली, तर शेजारी टांगलेल्या त्या प्रतिकृतींत रंग हवे तितके ताजे ठेवता येतील. मूळ भिंत आपल्या वयाने फिकट राहील आणि पाहणाऱ्याला दोन्ही कळतील.

हे शिक्षण केवळ जुन्याच्या हळहळीसाठी नव्हे. सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण येथे आठवते. 1922 साली मंडला जिल्ह्यातील बाबरियास वनखात्यातील नोकराच्या घरी जन्मलेला हा मुलगा नागपूर आणि मुंबईस शिकला, 1950 मध्ये पॅरिसला गेला आणि तेथे साठ वर्षे राहिला. लहानपणी नर्मदेकाठच्या जंगलात पाहिलेला अंधार, पाऊस आणि ऊन त्याच्या कॅनव्हासवर पुढे त्रिकोण, रेषा आणि काळा बिंदू होऊन उतरले. त्यातही झाड ओळखू येत नाही. आधुनिक चित्रांच्या दालनात ‘हा निसर्ग कसला’ म्हणून अडखळणाऱ्यास झाशीच्या छतावरचे वर्तुळात बसवलेले फूल थोडी वाट दाखवील. मोजलेल्या, निवडलेल्या, घटवलेल्या आकारात रान मावू शकते, हे त्या अनाम चिताऱ्यांना ठाऊक होते आणि रझांनाही. 2016 मध्ये त्यांचे दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

झाशीचे रेल्वे स्थानक आता वीरांगना लक्ष्मीबाईंच्या नावाने ओळखले जाते. उत्तरेस जाणाऱ्या मराठी प्रवाशाची गाडी तेथे थांबते. उतरलाच तर तो किल्ला पाहतो, तोफ पाहतो, जेथून घोड्यासह उडी घेतली असे सांगतात ती जागा पाहतो आणि पुढच्या गाडीने निघतो. राणीमहाल वाटेवरच आहे. दुपार टळल्यावर कमानींतून येणारा प्रकाश तिरपा होतो, त्या वेळी दालनात जावे. प्रथम छत केवळ मळकट लाल दिसते. डोळे सरावले की त्या लालातून हिरवी देठे निराळी होतात, मग पाकळ्यांच्या कडा, आणि कमानीच्या कोपऱ्यात पाठ वळवलेला मोर. बाहेर, गल्लीत कोठे लग्न असेल तर एखाद्या दाराशी चितेरा स्टुलावर चढून तसलाच मोर काढीत असतो. त्याचा रंग बाजारातला असतो, डब्यातला. पहिल्या दोन पावसांत तो ओघळून जातो आणि पुढच्या लग्नाला पुन्हा बोलावणे येते.